पाच वाजता आलेल्या मजुराची मजुरी

माझा पहिला सिनॉप्सिस परत आला होता. शीर्षक होतं, ‘ख्रिस्ती मराठी साहित्यातील देवाची कृपा व न्याय : एक चिकित्सक अभ्यास’. समितीतल्या एका सरांनी दोनच प्रश्न विचारले. कृपा कोणाच्या भाषेतली? आणि न्याय कोणाला? मी वहीतल्या व्याख्या वाचायला लागले, तर ते म्हणाले, व्याख्या नकोत, एक उतारा घेऊन या, ज्यात हे दोन शब्द एकमेकांना अडवतात.

पेट झाली, आता विषय शोधतोय, असं सांगणारे तुमच्यातले बरेच जण मला अशीच शीर्षकं पाठवतात. ‘अमुक आणि तमुक : एक अभ्यास’. त्या ‘आणि’मध्येच सगळा प्रबंध दडलेला असतो, आणि आपण तो न उघडता पुढे जातो. म्हणून आज मला तो उतारा कसा सापडला आणि त्याने माझ्या विषयाचं काय केलं, ते सांगते.

उतारा वाचनालयात सापडला, पण कळला घरी. आमचं गाव वडनेर भोलजी, नांदुरा तालुक्यातलं, महामार्गावरचं. पाय आणि पिकं दोन्ही काळ्या मातीत. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा सोयाबीनची सोंगणी उरकत आली होती आणि कापसाची वेचणी लागली होती. संध्याकाळी ओट्यावर आई आणि शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, तू शिकतेस तरी काय एवढी वर्षं? आमचं घर ख्रिस्ती नाही, त्यामुळे ‘कृपा आणि न्याय’ सांगून काही उपयोग नव्हता. मी त्यांना मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगितला. (बायबलमधल्या दृष्टांतकथेला मराठी ख्रिस्ती लोक ‘दाखला’ म्हणतात. तहसीलमधला दाखला वेगळा, त्याच्याकडे पुढे येणारच आहे.)

गोष्ट अशी. एक मळेवाला पहाटे मजूर आणायला जातो. एक दिनार रोज ठरतो. मग तो नऊ वाजता, बाराला, तीनला पुन्हा बाजारात जातो आणि रिकामे उभे असलेले मजूर घेऊन येतो. दिवस मावळायला तास उरला असताना, म्हणजे पाचच्या सुमारास, तो परत जातो. अजून काही जण उभेच असतात. दिवसभर इथे का उभे, असं विचारल्यावर ते म्हणतात की कोणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही तो पाठवतो. संध्याकाळी मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांना आधी बोलावतो आणि पूर्ण दिनार देतो. पहाटे आलेल्यांना वाटतं आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दिनार. ते कुरकुर करतात. मळेवाला म्हणतो, ठरलं तेवढं दिलं, तुझ्यावर अन्याय केला नाही, माझ्या पैशाचं मी काय करावं हा माझा प्रश्न, मी चांगुलपणा केला तर तुझ्या डोळ्यात का खुपतं?

ओट्यावर पहिली प्रतिक्रिया शेजारच्या काकूंची. “मंग उद्या सहा वाजता कोन जाईन वं बाई? समदे पाचालेच जातीन.” सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली, कापूस किलोवर वेचायचा असता तर हा घोळच झाला नसता. आई बराच वेळ काही बोलली नाही. तिचे गुडघे गेल्यापासून तिला निंदणीला कोणी सांगत नाही. सावकाश निंदते, मग बाकीच्या बायांची पात पुढे जाते आणि हिची मागे राहते. ती म्हणाली, “त्याईले कोनं सांगतलंच नोतं ना दिवसभर.”

आता संशोधक म्हणून सावध करते. ही मुलाखत नव्हे. मी परवानगी घेतली नव्हती, नोंद ठेवली नव्हती, नमुना निवडला नव्हता. प्रबंधात हे संभाषण पुरावा म्हणून येणार नाही. पण प्रश्न इथूनच आला, आणि प्रश्न कुठून आला हे लपवायची गरज नसते. काकूंनी न्यायाचा प्रश्न विचारला होता. आईने ज्याचा प्रश्न विचारला, त्याला काय म्हणायचं हे मला कळत नव्हतं. तिने दया मागितली नव्हती. तिने वस्तुस्थिती सांगितली होती : त्यांना काम नाकारलं गेलं.

परत येऊन मी मूळ ग्रीक मजकूर शब्दकोशाच्या आधाराने, अक्षरशः बोट ठेवून वाचला. दोन गोष्टी सापडल्या.

पहिली : हा दाखला सगळीकडे ‘कृपेचा दाखला’ म्हणून सांगतात, पण ‘कृपा’साठी नव्या करारात जो नेहमीचा ग्रीक शब्द आहे, ‘खारिस’, तो या दाखल्यात नाही. मत्तयाच्या अख्ख्या शुभवर्तमानात तो एकदाही नाही. म्हणजे मी सूचीत ‘कृपा’ शोधून जी वचनं गोळा केली होती, त्यांत हा उतारा कधीच आला नसता. विषयाचा शब्द आणि विषय एकाच जागी राहतात असं आपण धरून चालतो. तुमच्या विषयातही हे तपासून बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मळेवाला नऊच्या मजुरांना रक्कम सांगत नाही, जे ‘डिकायोन’ असेल ते देईन म्हणतो. शेवटी कुरकुरणाऱ्याला तो म्हणतो, मी तुझ्याशी ‘आडिको’ करत नाही. आणि याच मूळातून आलेला ‘डिकायोसुने’ हा ग्रीक ख्रिस्ती विचारातला सगळ्यात वजनदार शब्द आहे, देवाचं न्यायीपण. एकाच मुळाचे तीन शब्द. आपल्याकडच्या प्रचलित मराठी बायबलमध्ये पहिल्यासाठी ‘योग्य’ येतो, दुसऱ्यासाठी ‘अन्याय’ आणि तिसऱ्यासाठी ‘नीतिमत्त्व’. भाषांतरकाराची चूक म्हणत नाही मी. प्रत्येक जागी शब्द बसतोही. पण मराठी वाचकाला हे तिन्ही एकाच घरचे आहेत हे दिसायची वाट बंद होते. ‘योग्य’ म्हणजे व्यवहार, ‘अन्याय’ म्हणजे तक्रार, ‘नीतिमत्त्व’ म्हणजे चांगली वागणूक. आणि ‘न्याय’ हा शब्द राहतो तो शेवटच्या दिवशी होणाऱ्या निवाड्यापुरता. मग प्रवचनात देव एका हातात कृपा आणि दुसऱ्या हातात न्याय घेऊन उभा राहतो, तराजू घेतल्यासारखा. कृपा वाढली की न्याय कमी. माझा जुना सिनॉप्सिस याच तराजूवर उभा होता.

शब्दाने माणूस कसा अडकतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मार्टिन लूथरचं. 1545 साली आपल्या लॅटिन लेखनाच्या प्रस्तावनेत त्याने सांगितलंय की रोमकरांस पत्रातल्या ‘देवाचं न्यायीपण’ या शब्दप्रयोगाचा त्याला तिटकारा होता, कारण लॅटिन ‘युस्तितिया’ म्हणजे शिक्षा करणारा न्याय असंच त्याला शिकवलं होतं. पुढे त्याला उमगलं की पौल ज्या न्यायीपणाबद्दल बोलतो ते देव माणसाला देतो, माणसावर उगारत नाही. युरोपची धर्मसुधारणा निदान अंशतः एका शब्दाच्या वाचनातून उभी राहिली. त्याही मागे जा. हिब्रूतला ‘त्सेदाका’ हा न्यायी असण्याचाही शब्द आहे आणि पुढच्या ज्यू परंपरेत गरिबाला द्यायच्या वाट्याचाही. तिथे गरिबाला देणं हा उपकार नसतो, देणं असतं, मराठीतल्या ‘घेणं-देणं’मधलं देणं.

आणि आपली ‘कृपा’? आपल्या बोलण्यातली कृपा वरून खाली येते. साहेबांची कृपा, मालकाची कृपा, ‘आपल्या कृपेने बरं आहे’. गोव्याच्या कॅथलिकांच्या कोकणीत तिची ‘कुर्पा’ होऊन ती रोजच्या प्रार्थनेत रुळली, पण विदर्भातल्या कॉलेजात तुम्ही ‘ग्रेस’ म्हणालात तर पोरांना आधी ग्रेस मार्क आठवतात. (कवी ग्रेस मराठी विभागातल्यांनाच आठवतात.) ‘ग्रेसवर पास झाला’ हे कौतुकाने कोणी म्हणत नाही. म्हणजे कृपा या शब्दात आपल्याकडे घेणाऱ्याची थोडी मान खाली जाते.

संतसाहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे चोखामेळा आठवला असेल. देवाची कृपा त्याला पुरेपूर मिळाली असं परंपरा सांगते, आणि तो उभा राहिला दाराबाहेर. ते दार 1947 साली उघडलं, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. कृपा कवितेत होती. दार उघडायला उपोषण लागलं. मला वारकरी कृपेला कमी लेखायचं नाही, पण ‘ख्रिस्ती कृपा आणि भक्तीतील कृपा : तुलनात्मक अभ्यास’ असा विषय घेणार असाल, तर तुलना दाराशी करा, विशेषणांशी नको.

परत दाखल्याकडे. मजुरी संध्याकाळीच का वाटली? हा तपशील मी आधी सहज वाचून सोडला होता. जुन्या करारात, ‘अनुवाद’ आणि ‘लेवीय’ या दोन पुस्तकांत, स्पष्ट नियम आहे : गरीब मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घ्यायची नाही, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. (पुस्तकाचं नावच ‘अनुवाद’ असल्यामुळे भाषांतराच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो, माझा झाला होता.) दिनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, घरात त्या दिवशी चूल पेटेल एवढी. म्हणजे मळेवाल्याचा चांगुलपणा हवेत तरंगत नाहीये. तो संध्याकाळच्या मजुरीच्या कायद्यावर उभा आहे. आणि पूर्ण दिनार म्हणजे छप्पर फाडून दिलेली देणगी नाही, एका दिवसाचं पोट आहे. बाराव्या भागाचा दिनार घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या पोराला बाराव्या भागाचीच भूक लागत नाही.

अजून एक बारकावा. पहाटेच्या मजुरांशी ठराव झालाय. नऊच्या मजुरांना ‘योग्य ते’ देण्याचा शब्द दिलाय. पाचवाल्यांना, जुन्या विश्वसनीय हस्तलिखितांत, काहीच सांगितलेलं नाही, नुसतं ‘तुम्हीही जा’. नंतरच्या हस्तलिखितांत कोणीतरी त्यांच्याही बाबतीत ‘योग्य ते मिळेल’ हे वाक्य जोडलं. नक्कल करणाऱ्यालाही ते बिनबोलीचं जाणं सोसवलं नसावं! करार, विश्वास आणि काहीच नाही, अशा तीन पायऱ्या. जितकी कामाची गरज जास्त, तितकी बोलणी कमी. हे वडनेरलाही खरं आहे. ज्याच्या घरात दाणा नसतो तो ‘रोज किती’ असं विचारत नाही.

या दाखल्यावरचं लेखन वाचलं तर दोन मोठे प्रवाह दिसतात. दोन्हींशी माझं भांडण आहे.

पहिला प्रवाह जुना, तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनपासूनचा. तास म्हणजे माणसाच्या आयुष्यातले टप्पे किंवा जगाच्या इतिहासातले युग. पहाटेचे म्हणजे आधीपासूनचे भक्त, पाचचे म्हणजे उशिरा आलेले. दिनार म्हणजे स्वर्ग. आजही बहुतेक प्रवचनं इथूनच जातात. यात चूक काही नाही, पण मजूर नाहीसे होतात. बाजारात उभं राहण्याचा ताण, ऊन, ‘कोणी लावलंच नाही’ हे उत्तर, सगळं रूपकात विरघळतं. पाचवाल्यांना आळशी किंवा उशिरा पश्चात्ताप करणारे समजणारी प्रवचनंही मी ऐकली आहेत. मजकुरात ते उशिरा आले असं कुठेही नाही. ते उभे होते, घेतले गेले नाहीत.

दुसरा प्रवाह अलीकडचा. विल्यम हर्झॉग या अमेरिकी अभ्यासकाने 1994 च्या पुस्तकात दाखला उलटा करून वाचला. त्याच्या मते मळेवाला देव नाहीच. तो बडा जमीनदार आहे, मजुरांना एकमेकांसमोर उभं करतो, मुद्दाम शेवटच्यांना आधी पैसे देऊन पहिल्यांचा पाणउतारा करतो, आणि तक्रार करणाऱ्याला हाकलतो. मळेवाला ज्या शब्दाने त्याला ‘मित्रा’ म्हणतो, तो मत्तयात तीनदाच येतो आणि तिन्ही वेळा दुरावलेल्या माणसाला उद्देशून, हे खरं आहे. हर्झॉग वाचल्यावर मी आठवडाभर त्याच्याच बाजूने होते. जमिनीचा मालक ‘माझ्या पैशाचं मी बघेन’ म्हणतो तेव्हा विदर्भातल्या कोणाच्याही कानात ते गोड वाजणार नाही. पण हर्झॉग पहाटेच्या मजुराची बाजू घेताना पाचच्या मजुराला विसरतो. जमीनदार नुसता पिळणारा असेल तर तासाभराच्या कामाला पूर्ण दिवस मोजायचं त्याला कारण काय? अपमान स्वस्तात करता आला असता.

दोन्ही प्रवाहांत एक गोष्ट समान आहे : दोघेही वेतन कोणाला किती, एवढंच बघतात. आईने बघितलं ते वेगळं होतं. तिने विचारलं, बाजारात कोण उरलं होतं आणि का. दाखल्यात मळेवाला पाच वेळा बाजारात जातो. त्याला मजूर कमी पडले म्हणून गेला असं लिहिलेलं नाही. शेवटच्या तासाला जाण्यात तर शेतीचा हिशोबच बसत नाही. मला वाटतं, या मजकुरात न्याय कुठे सुरू होतो तर त्या पाचव्या फेरीत. दिनार मागाहून येतो. आणि मग कृपा ही न्यायातली सूट राहत नाही. ज्याला कोणी मोजलं नाही त्याला मोजायला परत जाणं, हेच त्याचं ‘डिकायोन’.

हे माझं वाचन. ते टिकतं का हे बघायला मी त्याला तीन ठिकाणी नेऊन आपटलं. तुम्हीही तुमच्या वाचनाला असं करा, नाहीतर ते सुंदर राहतं आणि तोंडी परीक्षेत कोसळतं.

पहिलं ठिकाण कायद्याचं. जॉन रस्किनने 1860 साली अर्थशास्त्रावर जे निबंध लिहिले त्यांचं शीर्षक याच दाखल्यातून घेतलं, ते पुस्तक गांधीजींनी 1904 मध्ये दक्षिण आफ्रिकेत रेल्वेच्या प्रवासात वाचलं आणि त्यातून ‘सर्वोदय’ आला, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला जास्त जवळचं वाटतं ते महाराष्ट्राचं. 1972 च्या दुष्काळात पसरलेली रोजगार हमी 1977 मध्ये कायदा झाली, 1979 पासून लागू झाली. मागणाऱ्याला काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. 2005 च्या केंद्राच्या कायद्यातही पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्त्याची तरतूद केली गेली. ‘कोणी लावलंच नाही’ या उत्तराला राज्याने किंमत मोजायची, असं कायद्याने म्हटलं. आणि पैसा कुठून? 1975 साली पगारदारांवर लावलेल्या व्यवसाय करातून. पगाराच्या पावतीवर ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून जी कपात दिसते ना, तीच. पहाटेचे मजूर त्यावर आजही कुरकुरतात! भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडला, हा वेगळा आणि कडू विषय. पण इथे मळेवाल्याच्या मर्जीचं हक्कात रूपांतर करायचा प्रयत्न दिसतो, आणि दाखल्याची एक मर्यादाही उघड होते : दाखल्यात पाचवाल्याला मागायचा अधिकार नाही. त्याने वाट बघायची.

दुसरं ठिकाण पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावलेली ही बाई. आपल्या दुष्काळाच्या अनुभवांवर तिने 1897 साली लिहिलं. कुटुंबाने होतं नव्हतं ते तीर्थं, व्रतं, दानं यांत घातलं, देवाची कृपा होईल म्हणून, आणि देव गप्पच राहिले. म्हणजे रमाबाईंना आधी भेटलेली कृपा फी घेणारी होती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही, 1907 च्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की, सुमारे आठ वर्षं हाती धर्म लागला होता, ख्रिस्त नव्हे. हे वाचताना लक्षात ठेवा की ही साक्ष इंग्रजीत आणि मुख्यतः ख्रिस्ती वाचकांसाठी आहे. सिस्टर जेराल्डीनशी 1880 च्या दशकात झालेला त्यांचा पत्रव्यवहार शेजारी ठेवला, तर आपल्या विवेकावर कोणाचीही सत्ता न मानणारी, जवळजवळ वकिली बाण्याने वाद घालणारी रमाबाई भेटते. तो ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि 1977 साली राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाने छापला. जुन्या ग्रंथालयांत मिळतो.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. स्वतः त्या अवस्थेतून गेलेली बाई बाजारात पाचव्यांदा गेली, असं मला ते वाचताना वाटतं. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना नुसतं अन्न मिळालं नाही, काम मिळालं. विणकाम, शेती, छापखाना. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात बायकांच्या हातून जुळलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये, पूर्ण बाहेर आलं.

पण इथे थांबून चालणार नाही, नाहीतर हे चरित्र होईल, समीक्षा नाही. 1893 मध्ये पुण्यात शारदा सदनावरून वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात पुरुषी आणि जातीय भीती होती हे उघड आहे. तरी एक प्रश्न उरतो, आणि तो रमाबाईंवर प्रेम करणाऱ्यांनीच विचारायला हवा. भुकेल्या माणसाला दिलेल्या अन्नाच्या शेजारी धर्म ठेवला, अट न घालता का होईना, तर त्या माणसाला ‘नको’ म्हणायची जागा किती उरते? पाचच्या मजुराला दिनार घेताना मळेवाल्याचं काही मानावं लागलं नव्हतं. रमाबाईंचं काम मला या कसोटीवर बरंचसं उतरतं असं वाटतं, पूर्ण नाही.

तिसरं ठिकाण तो दुसरा दाखला, तहसीलमधला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. नागपूरच्या दीक्षेनंतर केंद्राच्या यादीत यायला आपल्याच भागातल्या घरांना चौतीस वर्षं लागली, हे अनेकांच्या आजोबांना आठवत असेल. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. राखीव जागा नाहीत आणि 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं संरक्षणही नाही, कारण ते अनुसूचित जाती-जमातींपुरतं आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 च्या अहवालात धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. विरोधातला युक्तिवादही नीट मांडायला हवा : ज्या धर्मात जात नाही त्यात जाऊन जातीचा लाभ कसा मागणार? प्रश्न धर्मग्रंथावर बेतलेला आहे. गावाने जात सोडली का, हे तो विचारत नाही. आणि चर्चनेही ती सोडलेली नाही. वेगळे बाक, वेगळ्या स्मशानभूमी यांच्या नोंदी, विशेषतः दक्षिणेत, भरपूर आहेत.

अशा माणसाला ‘देवाची कृपा तुझ्यावर आहे, आता तक्रार कशाला’ असं कोणी सांगतं, तेव्हा कृपा या शब्दाचा उपयोग तोंड बंद करायला होतो. यावर ईश्वरशास्त्रात पहिला ठसठशीत आवाज ज्यांचा मानतात ते अरविंद निर्मळ मराठी होते. बंगलोरच्या ख्रिस्ती धर्मविद्यालयात 1981 साली दिलेल्या व्याख्यानापासून त्यांचं नाव दलित ईश्वरशास्त्राशी जोडलं गेलं. त्यांनी ‘अनुवाद’ पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायातली इस्राएलची कबुली घेतली, जिच्यात भटक्या पूर्वजाची आठवण आणि दास्यातून सुटका आहे, आणि तिच्यातून दलित पूर्वजांची कहाणी वाचली. तिथे देव वरून कृपा टाकत नाही, आक्रोश ऐकतो. दाखल्यातल्या मळेवाल्यापेक्षा हा देव मला अधिक समजतो, हे कबूल करते. ही माझी आवड झाली, निष्कर्ष नव्हे. प्रबंधात दोन्ही वेगळं लिहावं लागतं आणि गाइड दर वेळी ते लाल शाईने वेगळं करून देतात.

मळेवाल्याच्या ‘माझं’ या शब्दाचं मात्र अजून जमत नाहीये. ‘लेवीय’च्या पंचविसाव्या अध्यायात जमीन देवाची आहे, माणसं तिच्यावर उपरी आहेत, असं सांगितलंय. मग ‘माझ्या पैशाचं मी बघेन’ हे म्हणायचा हक्क फक्त देवाला. मळेवाला देव असेल तर वाक्य चालतं, नांदुरा तालुक्यातला कास्तकार असेल तर चालत नाही. पण दाखल्याची ताकदच अशी की तो कास्तकारासारखाच बोलतो. या गाठीवर माझं तिसरं प्रकरण आहे.

आणि काकूंचा प्रश्नही तसाच आहे : दुसऱ्या दिवशी काय झालं? पहाटे कोण आलं? दाखला तिथेच थांबतो. सिनॉप्सिसच्या नव्या शीर्षकात मी तो प्रश्न घातला, ‘मत्तय 20 मधील मजुरी आणि मराठीतील कृपा-न्यायाची परिभाषा’, आणि या वेळी समितीने तो ठेवून घेतला. शीर्षक फार चांगलं नाही, पण त्यात ‘चिकित्सक’ नाही.

आई फोनवर विचारते, “झालं का वं तुयं थे पाच वाजताचं?” तिसरं प्रकरण गाइडकडे आहे, असं मी तिला सांगते. मग ती कापसाचा भाव सांगते.